खबर आणि खबरदार

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच दिवशी, एकाच फळ्यावर शिकवायच्या म्हटल्या की शब्दांच्या गमती रोज दिसतात. 'खबर' दोन्हीकडे एकच. पण 'खबरदार' बघा. फारसीतून उर्दूत आलेल्या या शब्दाचा सरळ अर्थ ज्याच्याकडे खबर आहे तो, माहितगार. मराठीत येईपर्यंत तो दम भरण्याचा शब्द झाला. 'इशारा' उर्दूत साधी खूण, नुसती भुवई उचलली तरी तो इशाराच. मराठीत नदीला 'इशारा पातळी' असते आणि तिच्या वर 'धोका पातळी'. आणि 'अफवा' हा शब्द तर मूळ अरबीत 'तोंडं' या अर्थाचा. एका तोंडाची नव्हे, अनेक तोंडांची गोष्ट.

वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. पावसाळ्यात मला मात्र हसू येत नाही. आमचं गाव महाड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीपट्ट्यात. इथं खबर कोणाकडे असते, इशारा कोणाला कळतो आणि तोंडं कधी सुटतात, हे दर काही वर्षांनी पाण्यातच मोजावं लागतं.

2021 साली बकरी ईद 21 जुलैला होती. करोनामुळे शाळा बंद, ऑनलाइन वर्ग चालू. मुंबईची माणसं ईदसाठी गावी आलेली, घरं भरलेली, कुर्बानीच्या मांसानं फ्रीज भरलेले. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. संध्याकाळी फोनवर एक संदेश फिरत आला. मूळ कोणाचा ते कळायला मार्ग नव्हता, पण भाषा सरकारी होती. मजकूर साधारण असा: 'अतिवृष्टीचा इशारा देण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, आवश्यकता भासल्यास सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अफवांवर विश्वास ठेवू नये व प्रशासनास सहकार्य करावे.'

शेजारच्या चाचींना मी तो वाचून दाखवला. त्या उर्दू चौथी शिकलेल्या. देवनागरी अक्षर लावून लावून वाचतात, पण बोललेलं सगळं समजतं. त्यांनी एकच विचारलं, "मंजे सामान माळ्यावर चढवू का नको?"

या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात नव्हतं. भाषेची शिक्षिका म्हणून मी ते वाक्य नंतर कितीदा तरी तपासलं आहे. इशारा 'देण्यात आला', पण दिला कोणी? कर्ता गायब. 'आवश्यकता भासल्यास', पण ती भासायची कोणाला? कलेक्टरला की चाचींना? 'सुरक्षित स्थळी', म्हणजे नेमकं कुठं? शाळेत, डोंगराकडच्या वाडीत, की पाहुण्यांकडे? तिथं काही वर्षांपूर्वी दरड आली होती, मग ते स्थळ सुरक्षित कसं? पाणी किती वाजता येणार, कुठपर्यंत येणार, काही नाही. पूर्ण वाक्यात एकच गोष्ट निःसंदिग्ध होती, ती म्हणजे अफवांवर विश्वास ठेवू नका. म्हणजे काय करायचं नाही ते कळलं, काय करायचं ते नाही.

त्या रात्री आमच्या घरातलं धान्य आणि कागदपत्रं वाचली ती माझ्या अम्मीमुळे. तिचे वडील खलाशी होते. तिनं संदेश ऐकला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "आज चाँद दहावा. पुनवेला तीनेक दिवस. उधाणाची भरती असणार. वरून पाणी आलं नि खालून भरती चढली की खाडी जाणार कुठं?" आणि तिनं सगळ्या घराला कामाला लावलं. हा हिशेब अवघड नाही. भरतीच्या वेळा छापील मिळतात, वर्षभर आधी. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, तिथं पडलेला पाऊस पोलादपूर, महाड करत आमच्याकडे उतरतो. त्या दिवसांत महाबळेश्वरला एका दिवसात 590 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पण महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात आणि आम्ही रायगडात. नदीला जिल्ह्याची हद्द कळत नाही, कागदाला मात्र कळते. वर घाटमाथ्यावर अमुक तासांत एवढं पाणी पडलं, त्याच वेळी खाली अमुक वाजता भरती आहे, म्हणून मध्यरात्रीनंतर खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरेल: एवढं एक वाक्य कुणीतरी जोडायचं होतं. सगळे आकडे कुठे ना कुठे होते. जोडणारा कोणी नव्हता.

पाणी रात्री आलं. आधी वीज गेली, मग फोनचे मनोरे गेले. ऑनलाइन वर्गामुळे माझ्याकडे 41 पालकांचा ग्रुप होता. रेंज होती तोवर कोणाच्या दारात किती पाणी आहे ते मी विचारत राहिले आणि उत्तरं खालच्या बाजूच्या घरांना सांगत राहिले. रेंज गेल्यावर मशिदीच्या भोंग्यावरून मुअज्जिन चाचांनी सांगायला सुरुवात केली, बॅटरी होती तोपर्यंत. सरकारी भाषा नव्हती. "खालच्या मोहल्ल्यातल्यांनी वर या, मदरशाचा हॉल उघडा आहे, म्हातारी माणसं आधी आणा." कर्ता, क्रियापद, ठिकाण, सगळं जागेवर. त्या भोंग्यावरून पुढच्याच वर्षी राज्यात केवढं राजकारण झालं! खैर, तो वेगळा विषय.

मदतीचा म्हणून छापलेला क्रमांक लागत नव्हता. लागला असता तरी पलीकडचा माणूस काय करणार होता, कोण जाणे. महाड शहरच पाण्याखाली होतं. आणि इकडे एक विचित्र प्रकार चालू होता. माझा भाऊ कुवेतला. आमच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी आखातात. त्यांच्या फोनवर महाडच्या बाजारपेठेची, बुडालेल्या गाड्यांची चित्रं पोचत होती. त्यांना शहराचं सगळं दिसत होतं, स्वतःच्या घराचं काही कळत नव्हतं. आम्हाला घरातलं पाणी दिसत होतं, शंभर पावलांपलीकडचं काही कळत नव्हतं. दोन दिवसांनी भावाशी बोलणं झालं तेव्हा तो आधी रडला, मग चिडला. "एवढं मोठं सरकार, आणि आमची माणसं जिवंत आहेत की नाही हे सांगायला एक यादी नाही?"

त्याच 22 जुलैला आमच्याच तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला. 80हून जास्त माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, फोन बंद. मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. डोंगर कोसळणं माणसाच्या हातात नसेल, पण डोंगर कोसळल्याची खबर तालुक्याला वेळेवर मिळणं हे तरी हातात असावं. आपण नेहमी म्हणतो की सरकारची सूचना लोकांपर्यंत पोचत नाही. उलटा रस्ताही तितकाच बंद असतो. 2014 साली पुणे जिल्ह्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, 150हून अधिक माणसं गाडली गेली. ते बाहेरच्या जगाला कळवलं कोणी? सकाळच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकानं. त्याला गाव जागेवर दिसलं नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल रात्री वाहून गेला, दोन एस.टी. बस माणसांसह गेल्या. त्या अंधारात पुढच्या गाड्या अडवल्या त्या तिथल्याच एका साध्या कामगारानं. बसचा ड्रायव्हर, गॅरेजमधला माणूस, मुअज्जिन. आपली आपत्ती व्यवस्था या लोकांवर चालते आणि त्यांची नावं कुठल्याच आराखड्यात नसतात.

गावात पूर्वी दवंडी असायची. कोतवाल ढोलकं किंवा थाळी वाजवत यायचा, ओरडून सांगायचा. त्याची चेष्टा करायची आता पद्धत आहे. पण दवंडीत एक गोष्ट होती जी फोनवरच्या संदेशात नाही. दवंडी देणाऱ्याला थांबवून विचारता यायचं. "अरे, आमच्या बाजूला पण का? केव्हापर्यंत?" त्याला माहीत नसेल तर तो तसं सांगायचा, पाटलाला विचारून यायचा. 2023 च्या जुलैत, इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्याच दिवसांत, आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. केंद्राच्या दूरसंचार विभागाची चाचणी होती, संदेशही चाचणीचाच. तंत्र चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. ज्या मनोऱ्याच्या टापूत धोका आहे तिथल्या सगळ्या फोनना एकाच वेळी सांगता येतं, नंबर माहीत असायची गरज नाही. पण किंचाळणाऱ्या फोनवर पुन्हा 'सतर्क राहावे' असंच लिहिलेलं असेल तर चाची पुन्हा तोच प्रश्न विचारणार. आणि इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी, जिथं रस्ताच नव्हता, तिथं रात्री झोपलेल्या माणसाला कोणता फोन उठवणार, हा प्रश्न आहेच.

खबर वेळेवर आणि स्पष्ट आली नाही की जागा रिकामी राहत नाही. तिथं तोंडं येतात. 2005 साली मी बी.एड.साठी मुंबईत होते, कुर्ल्याला मामूंकडे. 26 जुलैला मिठी नदी घरात आली. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला 73. एकाच शहरात! दक्षिण मुंबईत बसलेल्या माणसाला उपनगरात काय चाललंय याची कल्पना येणं कठीण होतं, आणि दुर्दैवानं कारभार बराचसा तिकडूनच चालतो. चाकरमानी दुपारी ऑफिसातून निघाले ते रेल्वेच्या रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत राहिले, कारण घरी निघू नका असं त्यांना वेळेत कोणी सांगितलं नाही. (महापालिकेनं शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले ते त्यानंतर. आज वॉर्डावॉर्डाचा पाऊस कळतो, ही चांगली गोष्ट झाली.) त्याच दिवसांत इकडे आमच्या खाडीपट्ट्यात जुई, दासगावला दरडी कोसळल्या. मी कुर्ल्यात, अम्मी गावी. तिला माझी खबर नाही, मला तिची नाही. तीन दिवस.

पण मला सांगायचं आहे ते 28 जुलैचं. पाणी ओसरलं होतं. संध्याकाळनंतर मुंबईत बातमी पसरली की धरण फुटलंय, त्सुनामी येतेय. आज ऐकायला वेडगळ वाटतं. पण हिंदी महासागरातली त्सुनामी होऊन सातच महिने झाले होते, टीव्हीवरची ती दृश्यं सगळ्यांच्या डोळ्यांत ताजी होती. आणि दोन दिवसांपूर्वी ज्या पाण्याची कोणी वर्दी दिली नाही ते पाणी छातीपर्यंत आलेलं लोकांनी पाहिलं होतं. जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत लोक अंधारात, अरुंद गल्ल्यांतून पळत सुटले. चेंगराचेंगरीत 15हून अधिक माणसं मेली, त्यांत मुलं होती. तिथं पाण्याचा एक थेंबही आला नव्हता. अडाणी लोक, अफवेला बळी पडले, असं नंतर अनेक सुशिक्षितांनी म्हटलं. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. 26 तारखेला ज्यांनी अधिकृत खबरेची वाट पाहिली ते पाण्यात अडकले. 28 तारखेला लोकांनी वाट पाहिली नाही. त्यांनी अनुभवावरून धडा घेतला होता. धडा चुकीचा होता, पण शिकवला कोणी?

त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. त्याच्या 54 व्या कलमात आहे की आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. योग्यच आहे. काम करायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्यासाठीही त्यात कलम आहे. पण ज्यातून काहीच कळत नाही असा इशारा देणं हा गुन्हा नाही. मराठीतला 'खबरदार' कायद्यात आला, उर्दूतला यायचा राहिला.

चिपळूणचं उदाहरण घ्या. 22 जुलै 2021 लाच वाशिष्ठीनं ते शहर बुडवलं. लोक आजही सांगतात की कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं म्हणून बुडालं. सरकारी बाजू सांगते की पाऊसच तेवढा होता आणि भरतीची वेळ होती. कोणाचं बरोबर, हे ठरवणं माझं काम नाही, ते अभियंत्यांनी ठरवावं. पण कोयनेचं पाणी वीज तयार करून कोळकेवाडीत येतं आणि पुढं वाशिष्ठीत उतरतं, हे तिथल्या शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मग कोणत्या तासाला किती पाणी सुटलं हा आकडा त्याच तासाला शहराच्या चौकात का नसावा? पुरानंतर सहा महिन्यांनी दिलेला खरा आकडाही लोकांना बनावट वाटतो, कारण ज्या वेळी हवा होता त्या वेळी तो दिला नाही. आणि तो द्यायचा तर कृपा करून क्युसेकमध्ये नको. 'पुढील तीन तासांत बाजारपुलाजवळ एक पुरुष पाणी वाढेल' असं सांगा. 'एक पुरुष' हे माप कोकणात अजून सगळ्यांना कळतं.

पूर ओसरल्यावर माहितीचा दुसरा दुष्काळ सुरू होतो, त्याबद्दल फार कोणी लिहीत नाही. राज्य सरकारनं तेव्हा कुटुंबाला 10 हजार, दुकानदाराला 50 हजारांपर्यंत आणि टपरीवाल्याला 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली. पंचनामे झाले, याद्या लागल्या. दोन्ही भाषा येणारी म्हणून लोक माझ्याकडे कागद घेऊन यायचे, महिनाभर रोज संध्याकाळी. यादीत एकाच माणसाचं नाव अब्दुल रहमान, आधारवर अब्दुररहेमान, बँकेत ए. रहीमान. खदिजा रेशन कार्डावर खतीजा. बापाचं नाव आडनावाच्या जागी आणि आडनाव गावाच्या जागी. नाव उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत येईपर्यंत माणूस बदलून जातो, आणि पैसे परत जातात. परत का गेले हे कोणी सांगत नाही. भिंतीवरच्या यादीत नाव नाही, एवढंच कळतं. एका विधवा बाईनं आठ फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला रिक्षाचे पैसे. नवव्या फेरीला तिच्याबरोबर मी गेले तेव्हा खिडकीतल्या तरुण कारकुनानं दोन मिनिटांत सांगितलं की खात्याचा एक आकडा चुकलाय. तो उद्धट नव्हता. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्यांनी विचारलंच नाही. त्या फक्त 'माझे पैसे कुठंत' म्हणत होत्या."

मी उर्दूतून परिपत्रकं काढा अशी मागणी करत नाहीये, गैरसमज नको. उर्दू परिपत्रक निघालं तर तेही तितक्याच जड उर्दूत निघेल, याची मला पक्की खात्री आहे. चाचींना ना प्रशासनाची मराठी हवी ना दफ्तराची उर्दू. त्यांना कोणीतरी ओळखीच्या आवाजात, वेळ आणि ठिकाणासह सांगायला हवं, आणि उलट विचारलं तर उत्तर द्यायला हवं.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मराठीच्या तासाला सूचनालेखन शिकवत होते. पुस्तकात सहलीची सूचना, पाणी जपून वापरा, असलं काही असतं. मी तो जुना पुराचा संदेश फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, हा तुमच्या दादीला समजेल असा लिहा. कोण, काय, कुठं, केव्हा, सगळं आलं पाहिजे. बहुतेकांनी 'सतर्क'च्या जागी 'सावध' घातलं आणि वही पुढं केली. खाली खाडीलगत राहणाऱ्या एका मुलीनं मात्र असं लिहिलं (शुद्धलेखन मी सुधारलंय): 'मशिदीच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं की खालच्या मोहल्ल्यानं निघायचं. शाळेच्या वरच्या मजल्यावर जायचं. चावी शिपाई चाचांकडे. म्हाताऱ्यांना आधी न्यायचं. बकऱ्या सोडून द्यायच्या. कागद पिशवीत घालून गळ्यात. पुन्हा सांगेपर्यंत खाली यायचं नाही.'

मी तिला विचारलं, दुसरी पायरीच का? म्हणाली, "पहिलीला तर दरवर्षी लागतं, मॅडम. तिसरीला लागलं तेव्हा आमच्या घरातून निघता आलं नव्हतं."

तो कागद आता शाळेच्या व्हरांड्यात आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून, एकीकडे मराठी, एकीकडे उर्दू. मे महिन्यात दुसऱ्या पायरीवर लाल रंगाचा पट्टा मारला, त्याचे 80 रुपये जमातनं दिले. शाळेच्या दाराची दुसरी चावी करायची आहे, कारण शिपाई चाचा शनिवारी-रविवारी गावाला जातात. त्यासाठी परवानगीचा अर्ज केलेला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.